आवाज तुटतोय, सर

निवृत्त सार्जंट व्हर्लिन स्टिडमनं आयुष्यात पुष्कळ वर्द्या चढवल्या होत्या, पण असलं लाजिरवाणं सोंग कधी केलं नव्हतं. मानेपासून घोट्यापर्यंत अंगाला चिकटून बसलेला काळा पोशाख, आणि त्यावर जागोजागी बोराएवढे पांढरे गोळे. पंधरा वर्षांपूर्वी हे पोट नव्हतं. तेव्हा कदाचित शोभलाही असता.

"सार्ज, डोक्यावर फक्त एक चांदणी लावायची राहिली," टायरिक गॅडसन म्हणाला. "दारात उभा केला की नाताळ सुरू."

"तू स्वतःला बघितलंस का आरशात?"

"मी कशाला बघू? मी देखणाच आहे."

लायल बेगे बाकावर बसून निमूटपणे हातमोजा चढवत होता. स्टुडिओतली मुलगी त्याच्या बोटांच्या टोकांना एकेक गोळा चिकटवत होती. डाव्या हाताशी आल्यावर ती अडखळली, कारण तिथे तीनच बोटं होती. लायलनं दोन जास्तीचे गोळे तिच्या तळहातावर ठेवले आणि अगदी गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, "हे उरले बघ. दुसऱ्या कुणाला होतील." मुलगी पांढरीफटक पडली. लायल हा विनोद पंधरा वर्षं करत आला होता आणि दर वेळी त्याला तो तितकाच आवडायचा.

ऑस्टिन शहराबाहेर एका जुन्या गोदामात हा स्टुडिओ होता. भिंतींवर चहूबाजूंनी कॅमेरे, जमिनीवर चिकटपट्ट्यांनी आखलेले चौकोन, आणि डोंगर म्हणून रचलेली प्लायवूडची खोकी. तुम्ही त्या चौकोनात चाललात की कॅमेरे ते गोळे टिपायचे आणि संगणकाच्या पडद्यावर तुमच्याऐवजी एक पूर्ण सजलेला सैनिक चालायचा. आयर्नगेट नावाच्या कंपनीचा हा नवा युद्धाचा गेम होता आणि त्याच्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलं जाणार होतं: 'व्हर्लिन स्टिडमची तुकडी'. खाली व्हर्लिनचा चेहरा, दहा वर्षांनी तरुण केलेला.

हल्ली ही रीतच पडली आहे. लढाई संपली, माणूस घरी आला, की कुणी त्याच्या नावानं कॉफी विकतं, कुणी दाढीचं तेल, आणि कुणी गेम. ज्यांनी आयुष्यात कधी रानडुकरावर गोळी झाडली नाही असे लोक सोफ्यावर तंगड्या पसरून, चिप्स खात, या माणसांच्या नावानं डोंगर जिंकतात. व्हर्लिनला या सगळ्याचा मनापासून तिटकारा होता. केंटकीतल्या आपल्या खोऱ्यात तो गवत कापायची यंत्रं दुरुस्त करायचा. कंपनीचा माणूस दोनदा दुकानात आला आणि दोन्ही वेळा त्यानं त्याला दारातूनच वाटेला लावलं.

तिसऱ्यांदा तो माणूस शहाणपणानं वेगळंच बोलला. म्हणाला, गेममध्ये टिओ असेल. त्याच्याच नावानं, त्याच्याच चेहऱ्यानं. सगळ्या जगातल्या मुलांना टिओफिलो आर्चुलेटा कोण होता ते कळेल.

तिथे व्हर्लिन सापडला. त्याची तुकडी चौघांची होती: तो, लायल, टायरिक आणि टिओ. टिओ न्यू मेक्सिकोच्या डोंगरातला, बावीस वर्षांचा, मशीनगन वागवणारा, आणि इतकं बेसूर गाणारा की टायरिक कानात मोजे कोंबून झोपायचा. अफगाणिस्तानात, कुनारच्या एका कड्यावर तो गेला. उरलेल्या तिघांनी त्याला आळीपाळीनं खांद्यावर घेऊन, वरून गोळ्या येत असताना, खाली हेलिकॉप्टरपर्यंत आणलं. त्यात लायलची दोन बोटं गेली आणि टायरिकच्या मांडीत लोखंड घुसलं. तरी चौघं वर गेले होते आणि चौघं खाली आले.

व्हर्लिननं टिओच्या आईला फोन करून परवानगी मागितली. मिसेस आर्चुलेटांनी हा खेळ म्हणजे काय ते दोनदा समजावून घेतलं. मग म्हणाल्या, "मला त्यातलं काही कळत नाही रे बाळा. एवढंच सांग, ती मुलं खेळताना माझ्या टिओला डोंगरावर एकटं टाकणार नाहीत ना?"

"नाही टाकणार. माझा शब्द आहे."

दर वर्षी टिओ गेला त्या दिवशी त्या फोन करून हाच प्रश्न विचारायच्या: तुम्ही त्याला एकटं टाकलं नाहीत ना? आणि दर वर्षी व्हर्लिन हेच उत्तर द्यायचा. त्या उत्तरावर त्या म्हातारीचं वर्ष निघायचं, आणि खरं सांगायचं तर व्हर्लिनचंही. म्हणून त्यानं सही केली. कथानकाचं बाड सोबत आलं होतं, ते त्यानं उघडलंसुद्धा नाही. फौजेत वरून आलेला कागद वाचायचा नसतो, सही करून पुढे ढकलायचा असतो. वीस वर्षांची ती सवय त्याला इथे भोवली.

सकाळी दिग्दर्शिकेनं, मार्गो लिंडक्विस्टनं, त्यांना तयार झालेला भाग पडद्यावर दाखवला. बाई चाळिशीची, केस कापलेले, तोंडात सतत च्युइंगगम, आणि कामाला पक्की. पडद्यावर सैनिक धावत होते, पडत होते. व्हर्लिन पुढे झुकून बघू लागला. पडलेला प्रत्येक जण थोडा वेळ जमिनीवर राहायचा, मग फिकट व्हायचा आणि नाहीसा व्हायचा. तिथे नुसती माती उरायची.

"हे कुठे गेले?" त्यानं विचारलं.

"मेलेले? ते आम्ही पुसतो. सगळे ठेवले तर यंत्रावर ताण येतो, खेळ अडखळायला लागतो. सगळ्याच गेममध्ये पुसतात."

"टिओला नाही ना पुसणार?"

"टिओचा प्रसंग वेगळा आहे," मार्गो म्हणाली. "तोच आज घ्यायचाय."

दुपारी जेवायला कॅप्टन हॉलिस्टर आले. आता ते कॅप्टन नव्हते, कंपनीचे लष्करी सल्लागार होते. फिकट निळा सूट, कानाशी रुपेरी केस, आणि बोलणं साजूक तुपासारखं. त्यांनी तिघांना मिठी मारली, टायरिकच्या मुलींची नावं घेऊन चौकशी केली, लायलला त्याच्या मेंढ्यांबद्दल विचारलं. कुनारच्या त्या दिवशी ते खाली तळावर होते, रेडिओजवळ. व्हर्लिनच्या कानात जो आवाज होता तो त्यांचा होता. मांसाचे टाको खाताना ते व्हर्लिनच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "छान झालं तू आलास. तुझं नाव असल्याशिवाय याला वजन आलं नसतं."

व्हर्लिनला बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून थोडा रागही आला. या माणसाच्या शब्दावर त्याची पाठ आजही ताठ व्हायची.

जेवण झाल्यावर ते परत चौकोनात उभे राहिले. टिओचं काम जोनाह प्रूइट नावाचा गडी करणार होता. सिनेमात उंचावरून पडणं, जळणं, घोड्याखाली येणं असलं सगळं करून पोट भरणारा, आडव्या अंगाचा, हसतमुख माणूस. तो प्लायवूडच्या खोक्याशी जाऊन मेल्यासारखा पडला आणि डोळे मिटून म्हणाला, "मला हे काम फार आवडतं. पाठ करायला काही नसतं."

मार्गोनं हातातली पानं उलटली. "तर व्हर्लिन, तुम्ही गुडघ्यावर बसता. मानेला बोट लावून बघता. तो गेलाय. तुम्ही वर बघता, दोघांना सांगता, 'सोडा त्याला. निघा.' मग तिघंही त्या पिवळ्या पट्टीपर्यंत धावत जाता. तिथे हेलिकॉप्टर आहे असं समजा."

टायरिक हसत होता, तो थांबला.

"कोण सांगतो?" व्हर्लिननं विचारलं.

"तुम्ही."

"काय सांगतो मी?"

"'सोडा त्याला. निघा.'" मार्गोनं पुन्हा पानावर बघितलं. "आम्ही दुसऱ्या पद्धतीनंही करून बघितलं होतं. खांद्यावर माणूस घेतला की खेळणाऱ्याला धड धावता येत नाही, गोळी झाडता येत नाही. ज्यांना खेळायला दिलं ते कंटाळून उठून गेले. म्हणून बदललं. कॅप्टननी वाचून पास केलंय."

व्हर्लिननं काचेकडे बघितलं. काचेपलीकडच्या खोलीत हॉलिस्टर हातात कॉफी घेऊन बसले होते. त्यांनी त्याच्याकडे बघितलं नाही.

ते तीन शब्द कुठून आले ते तिथे फक्त दोघांना माहीत होतं. ते शब्द कुणा लेखकानं रचलेले नव्हते. ते त्यानं ऐकले होते, कड्यावर, कानातल्या रेडिओत, जसेच्या तसे. टायरिक आणि लायलला ते कधी कळले नव्हते. फौजेच्या चौकशीत लिहिलं गेलं की त्या वेळी रेडिओ बंद पडला होता. तसं हॉलिस्टरांनी लिहिलं आणि व्हर्लिननं मान हलवली. दोघांचीही त्यात सोय होती.

"करून बघू या," मार्गो म्हणाली. "चला!"

कॅमेऱ्यांचे लाल दिवे लागले. व्हर्लिन गुडघ्यावर बसला. गुडघा कुरकुरला. त्यानं जोनाहच्या मानेला बोट लावलं. मग त्याचा हात घेऊन आपल्या मानेभोवती टाकला, खांदा पोटाखाली घातला आणि दात आवळून उठला. जोनाह टिओपेक्षा जड होता, आणि व्हर्लिन आता त्रेपन्न वर्षांचा होता. तरी उठला.

त्यानं लायल आणि टायरिककडे बघितलंही नाही. गरजच नव्हती. लायल आपोआप डावीकडे सरकला, टायरिक तोंड मागे करून उलटा चालू लागला, दोघांच्याही हातात लाकडी बंदुका, आणि तिघं एका चालीनं पिवळ्या पट्टीकडे निघाले. पंधरा वर्षांत एकदाही सराव केला नव्हता. पाय विसरले नव्हते.

"थांबा, थांबा!" मार्गो ओरडली. "व्हर्लिन, उचलायचं नाहीये."

"माहिती आहे, मॅडम."

"मग?"

"पुन्हा करू या."

पुन्हा दिवे लागले. पुन्हा व्हर्लिननं मानेला बोट लावलं आणि पुन्हा उचललं. या खेपेला अर्ध्या वाटेत गुडघ्यानं दगा दिला. टायरिकनं एक शब्द न बोलता जोनाहला आपल्या खांद्यावर घेतलं आणि व्हर्लिन मागची बाजू राखायला वळला. कड्यावर अगदी असंच झालं होतं. संगणकांपाशी बसलेली मंडळी माना वर करून बघू लागली होती. त्यांच्या पडद्यांवर तीन सैनिक एका मेलेल्या सैनिकाला घेऊन चालले होते आणि ते इतकं खरं दिसत होतं की कुणी हात पुढे करून ते थांबवलं नाही.

"मी काही बोलू का?" टायरिकच्या पाठीवरून जोनाहनं विचारलं.

"तू मेलायस," लायल म्हणाला. "गप पड."

काचेचं दार उघडलं आणि हॉलिस्टर खाली आले. चेहऱ्यावर हसू होतं, पण ते आता तोंडापुरतं होतं.

"व्हर्लिन, हा खेळ आहे. कुणी साक्ष नाही काढत आहे तुझी."

"खेळ आहे तर खऱ्या टिओचं नाव कशाला, सर? आणि माझं कशाला?"

"एक वाक्य आहे फक्त."

"कुणाचं वाक्य आहे ते?"

हॉलिस्टरांनी घड्याळाकडे बघितलं.

"मी विचारतोय, कुणाचं वाक्य आहे?" व्हर्लिनचा आवाज चढला. "ते मी तोंडातून काढलेलं नाही. ते मी ऐकलं. या कानानं ऐकलं. ज्यानं उच्चारलं तो माझ्यासमोर सूट घालून उभा आहे."

टायरिकनं जोनाहला हळूच खाली ठेवलं. "म्हणजे? रेडिओ तर बंद होता ना, सार्ज?"

"रेडिओ ठणठणीत होता. साहेबांनी हुकूम दिला, सोडा त्याला, निघा. मी म्हटलं, आवाज तुटतोय, सर. त्यांनी पुन्हा सांगितलं. मी पुन्हा म्हटलं, आवाज तुटतोय. आणि बटण बंद केलं."

"च्यायला," टायरिक म्हणाला. "आणि आम्हाला इतकी वर्षं सांगितलं नाहीस?"

"तुमच्या अंगावर जखमा होत्या. हुकूम मोडून झालेल्या. काय तोंडानं सांगू?"

हॉलिस्टरांचा संयम सुटला. "मग तेही सांग! मी तळावरून बघत होतो. वरून आणखी माणसं उतरत होती. टिओ गेला होता, त्याला आता कशाचाच फरक पडणार नव्हता. माझ्याकडे जिवंत माणसं होती वाचवायला. मी दिलेला हुकूम बरोबर होता आणि आजही बरोबर आहे. तुझ्या हट्टापायी लायलची बोटं गेली. मेलेल्या माणसासाठी."

सगळे लायलकडे बघू लागले. लायलनं डावा हात वर केला, तीन बोटं आणि त्यांवर तीन गोळे, आणि तो हात उलटसुलट करून बघितला.

"बोटं माझी आहेत, साहेब," तो म्हणाला. "त्यांचं रडगाणं मी गायलो तर गायलो. तुम्ही नका गाऊ."

"मी तुझ्याच बाजूनं..."

"मला हुकूम कळला असता तरी मी उचललंच असतं. टायरिक?"

"दोन्ही मांड्या दिल्या असत्या," टायरिक म्हणाला. "त्याच्या गाण्याबद्दल मात्र मी अजून माफ केलेलं नाही."

इतकी वर्षं व्हर्लिनला वाटत आलं होतं की या दोघांना कळलं तर ते त्याच्याकडे वेगळ्या नजरेनं बघतील. ते बघत होते, आणि नजर तीच होती.

मग तो ध्वनिमुद्रणाच्या माइकपाशी गेला. लांब दांड्याला टांगलेला तो माइक त्यानं ओढून हॉलिस्टरांसमोर आणला.

"सर, हुकूम बरोबर होता ना? मग तो तुमच्या नावानं जाऊ द्या. माझं नाव काढा, तुमचं लावा. फक्त वाक्य तुम्ही म्हणा. तुमच्या आवाजात. रेडिओवर कॅप्टन हॉलिस्टर सांगतात, सोडा त्याला, निघा. माझी काही हरकत नाही. ते खरं आहे."

मार्गोनं च्युइंगगम चघळायचं थांबवलं होतं. हॉलिस्टर माइककडे बघत राहिले. त्यांनी एकदा ओठ ओले केले.

"मी नाही म्हणू शकत," शेवटी ते म्हणाले. आवाज बारीक झाला होता. "त्याची आई आहे अजून. तिच्या घरातलं, नात्यातलं कुणी खेळेल, तिला ऐकवेल."

"आणि माझ्या तोंडून ऐकलं तर तिला गोड लागेल?"

हॉलिस्टरांनी माइक बाजूला सारला. माणूस वाईट नव्हता, हे व्हर्लिनला त्या क्षणीही कळत होतं. आपल्या हुकमाशी तो पंधरा वर्षं एकटाच झगडत आला होता. पण ते ओझं दुसऱ्याच्या खांद्यावर टाकून मोकळं व्हायचं, आणि वर त्याचंच नाव खोक्यावर छापायचं, हे व्हर्लिनला सहन होण्यासारखं नव्हतं.

मार्गो मध्ये पडली. ती समजूतदार बाई होती, तिला खरंच वाट काढायची होती. "असं करू या. वाक्य काढून टाकते. कुणीच काही बोलत नाही. तुम्ही मानेला बोट लावता, उठता आणि निघता. टिओ मागे राहतो, पण कुणी तसं सांगत नाही. तुमचं नाव राहील, सगळं राहील."

"आणि मागे राहिलेल्या टिओचं काय होईल, मॅडम? पुसाल त्याला?"

मार्गोनं खाली बघितलं. "थोड्या वेळानं. हो."

"नाव काढा माझं."

"व्हर्लिन, जाहिराती छापून झाल्यात. कंपनी ऐकणार नाही. तुमची सही आहे. वकील लावतील."

"लावू द्या. त्यांना सांगा, केंटकीत या. दुकान सापडायला सोपं आहे, बाहेर गंजलेली यंत्रं पडलेली असतात. मी त्यांना हेच सांगेन, आणि जो विचारेल त्याला सांगेन, की खोक्यावर ज्याचं नाव आहे तो माणूस असं वागला नव्हता. मी नाव कशाला दिलं होतं? टिओ दिसावा म्हणून. त्याला टाकून पळणारा मी दिसावा म्हणून नाही!"

आणि तो वळला. जोनाह प्रूइट जमिनीवर एका कोपरावर टेकून हे सगळं ऐकत होता. व्हर्लिन त्याच्याजवळ जाऊन म्हणाला, "झोप."

जोनाहनं त्याच्या तोंडाकडे बघितलं, एक अक्षर विचारलं नाही, आणि आडवा झाला. डोळे मिटले. अंग सैल सोडलं. आयुष्यभर मरायचं काम केलेला माणूस तो, पण इतक्या मनापासून तो कधी मेला नसेल.

व्हर्लिननं त्याला उचललं. लायल डावीकडे आला. टायरिक मागे वळला. पिवळी पट्टी आली, तशी ती त्यांनी ओलांडली आणि सरळ दाराकडे चालू लागले.

"स्टिडम!" हॉलिस्टरांनी कुणाचा तरी माइक हिसकावला होता, कारण आता त्यांचा आवाज छतातल्या कर्ण्यांतून सगळ्या गोदामात घुमला. "स्टिडम, खाली ठेव त्याला! काय चाललंय हे? खाली ठेव!"

आवाज अगदी स्वच्छ होता. शब्द न् शब्द कळत होता. व्हर्लिन थांबला नाही. मान न वळवता, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "आवाज तुटतोय, सर."

टायरिक हसला. नाकातून, तोंडातून, पोटातून हसला, आणि हसत हसत उलटा चालत राहिला. दारापाशी पहारेकरी उभा होता. तो म्हणाला, "अहो, हे कपडे स्टुडिओचे आहेत." लायल म्हणाला, "धुऊन पाठवतो," आणि त्यानं पायानं दार उघडलं.

बाहेर टेक्सासचं ऊन तव्यासारखं तापलं होतं. गाड्या लावायची जागा लांबच लांब होती आणि लायलची पिकअप अर्थातच शेवटच्या टोकाला होती. गुडघा आता उघड उघड बंड करत होता. अर्ध्यावर टायरिकनं घेतलं, मग लायलनं, मग परत व्हर्लिननं. एका गाडीतून कुत्रं भुंकलं. काळ्या पोशाखातली, पांढऱ्या गोळ्यांची ही वरात बघून एका बाईनं आपल्या गाडीची काच वर केली. पिकअपचं मागचं फळकूट लायलनं खाली पाडलं आणि तिघांनी मिळून जोनाहला त्यावर अलगद ठेवलं, डोकं आपटू न देता.

"आता उठू?" जोनाहनं विचारलं.

"आता ऊठ," व्हर्लिन म्हणाला. "पोचलो."

जोनाह उठून बसला आणि त्यानं स्टुडिओच्या दाराकडे बघितलं. "माझी नोकरी गेली बहुतेक. आणि बूट आत राहिलेत."

"परत जायचंय का?"

"नाही हो. इतकं चांगलं तर मला सिनेमातसुद्धा कुणी नेलं नव्हतं."

व्हर्लिन त्याच्या शेजारी फळकुटावर बसला आणि लायलनं गाडीतून काढून दिलेला आपला फोन हातात घेऊन त्यानं टिओच्या आईचा नंबर काढला. हा फोन करायची त्याला भीती वाटत होती. कड्यावर वाटली होती त्याहून जास्त. पण ज्या गोष्टीसाठी एवढा तमाशा केला ती तिला सांगायचीच नाही, हे बरं दिसलं नसतं.

मिसेस आर्चुलेटांनी लगेच उचलला. मागे भांड्यांचा आवाज येत होता.

"मी त्या खेळातून नाव काढून घेतलं," व्हर्लिन म्हणाला.

"का रे बाळा?"

"त्यात आम्ही टिओला टाकून येतो."

भांड्यांचा आवाज थांबला. आता ती नेहमीचाच प्रश्न विचारणार असं त्याला वाटलं. या वेळी तिनं वेगळंच विचारलं.

"आणि खरं काय झालं?"

"खरं हे झालं, की आम्हाला टाकून यायचा हुकूम होता. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. मी तो हुकूम ऐकला नाही. ऐकू आला होता, पण ऐकला नाही. आम्ही त्याला आणलं. एकटा नव्हता तो. एक पाऊलही नव्हता."

पलीकडून रडण्याचा आवाज येईल असं त्याला वाटलं होतं. आला नाही. म्हातारी नाक ओढून म्हणाली, "हट्टी मेला. तुझ्या आईचं कल्याण होवो." मग भांडी आवरत, "आज काय खाल्लंत?"

"टाको. टेक्सासचे."

"ते काय टाको असतात! तुम्ही सगळे मिळून इकडे या. आत्ताच निघा. रात्रभर गाडी हाणलीत तर सकाळी पोचाल. मी लाल मिरचीचं मटण टाकते. किती जण आहात? तेवढं मोजून करते."

व्हर्लिननं वर बघितलं. लायल चाकातली हवा बघत होता. टायरिक पोटावरचा एक गोळा उपटायचा प्रयत्न करत होता आणि शिव्या घालत होता. जोनाह अनवाणी पाय हलवत बसला होता, नोकरी गेलेला, तरी खुशीत.

"चौघं," व्हर्लिन म्हणाला. "चौघंही येतोय."